भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी आणि मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर: सोपं सॉफ्टवेअर सुचवा

निमूट

नमस्कार मंडळी. एका भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी पार पिवळी पडून फाटली आहे, पण मशीन आणि काटे ठणठणीत आहेत. आईला लांबून दिसेल अशी, ठसठशीत देवनागरी आकड्यांची नवी तबकडी काढून ए-फोर कागदावर छापायचा विचार आहे.

पेंटमध्ये गोल काढून आकडे टाकून पाहिले. १२, ३, ६, ९ बसतात, मधले आठ काही केल्या जागेवर येत नाहीत. १ आणि ११ एका उंचीवर आणले की २ आणि १० रुसतात. मिनिटांच्या ६० खुणा तर हाताने मारायची हिंमतच झाली नाही. तिच्यासाठीच मोठ्या आकड्यांचं कॅलेंडरही करायचं आहे, दर महिन्याला एक पान.

डिझाइनमधलं मला काही येत नाही, एक्सेल मात्र रोजच्या वापरातलं. सॉफ्टवेअर फुकट मिळणारं असेल तर उत्तम.

तासकाटा

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी काटे काढा (सेकंद, मिनिट, तास या क्रमाने निघतात) आणि पट्टी घेऊन बसा. लोक आधी स्क्रीनवर सुंदर तबकडी काढतात आणि मग तिच्यावर काटे बसवायला जातात. मग मिनिटकाटा खुणांच्या अलीकडेच संपतो नाहीतर तासकाटा आकड्यांवर आडवा पडतो. काटे बदलता येत नसतील तर तबकडीची सगळी मापं त्यांच्यावरूनच यायला हवीत.

मिनिटकाट्याची लांबी भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंत मोजा. समजा ९२ मिमी भरली. मग मिनिटांच्या खुणा केंद्रापासून ९० मिमीला सुरू करून ९६ ला संपवा, म्हणजे टोक खुणेवर टेकतं आणि मिनिट नेमकं वाचता येतं. बाहेरची कड १०० वर. म्हणजे व्यास २०० मिमी. ए-फोरची रुंदी २१०, दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी उरतात. बहुतेक प्रिंटर कडेचे तीन-चार मिमी छापतच नाहीत, त्यामुळे हे आयतंच जमतं. तासकाटा ६५ मिमी असेल तर आकडे ६८ ते ८६ च्या पट्ट्यात बसवा. १८ मिमी उंचीचा आकडा लांबूनही दिसतो. आकड्यांचा मध्य ७७ वर आला, हा ७७ लक्षात ठेवा.

मशीनच्या नळीचा (तबकडीच्या भोकातून बाहेर येते ती) व्यासही मोजा, भोक त्याहून अर्धा मिमी मोठं ठेवा. तबकडी पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर चिकटवणार असाल तर नळीवरचे आटे पलीकडून नट बसण्याइतके बाहेर यायला हवेत. हे चित्र छापून झाल्यावर कळलं तर सगळी मेहनत पाण्यात.

आता सॉफ्टवेअर. पेंट इथे कामाचं नाही, ते ठिपक्यांचं चित्र काढतं, त्याला कोन कळत नाही. इंकस्केप घ्या. फुकट आहे आणि मिलिमीटरमध्ये काम करतं.

तबकडीच्या मध्यावर एक उभी आणि एक आडवी गाइड (मापासाठीची, न छापणारी रेघ) टाका. १२ च्या जागी मिनिटाची एक खूण काढा: एक बारीक आयत, ६ मिमी लांब. निवडलेल्या आयतावर पुन्हा एकदा क्लिक केलंत की कोपऱ्यांवर वळणारे बाण येतात आणि मधोमध छोटी अधिकची खूण दिसते. ती फिरण्याचं केंद्र. तिला ओढत नेऊन तबकडीच्या मध्यावर, गाइड जिथे छेदतात तिथे सोडा. मग एडिट मेनूतल्या क्लोनमध्ये ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’ उघडा. ओळ १, स्तंभ ६०. शिफ्टच्या टॅबमध्ये ‘एक्स्क्लूड टाइल’ला स्तंभाच्या बाजूने टिक, रोटेशनच्या टॅबमध्ये दर स्तंभाला ६ अंश. बटण दाबा, साठही खुणा जागेवर. तासाच्या जाड खुणा तशाच: १२ स्तंभ, ३० अंश. हे क्लोन असल्यामुळे मूळ आयत जाड केलात की साठही जाड होतात. रंगाचंही तेच.

आकड्यांना मात्र हाच डाव टाकू नका. ते सोबत फिरतात आणि ६ उलटा लटकतो. रोमन आकड्यांच्या तबकडीवर ते चालतं, तिथे आकडे केंद्राकडे पाय करूनच उभे असतात. (जाता जाता: रोमन तबकड्यांवर चारसाठी बहुधा चार उभ्या रेघा असतात. लंडनच्या एलिझाबेथ टॉवरवर (बिग बेनच्या मनोऱ्यावर) मात्र पाचाच्या अलीकडे एक रेघ आहे. तुम्हाला आवडेल ते करा, दोन्हीला आधार आहे.) सरळ उभ्या आकड्यांसाठी ७७ मिमीवर १२ बारीक ठिपके वरच्याच पद्धतीने फिरवून घ्या. मग आकडा निवडा, शिफ्ट दाबून ठिपका निवडा आणि अलाइनच्या खिडकीत ‘लास्ट सिलेक्टेड’ ठेवून आडवा व उभा मध्य जुळवा. बारा वेळा करायचं आणि ठिपके पुसून टाकायचे.

पडताळणी करायची तर दोनच आकडे लागतात. ७७ चं अर्ध ३८.५ आणि ७७ गुणिले ०.८६६ म्हणजे ६६.७. १ चा मध्य केंद्रापासून उजवीकडे ३८.५ आणि वर ६६.७. २ साठी उलट: उजवीकडे ६६.७, वर ३८.५. बाकीचे यांचेच आरशातले जोडीदार. पेंटमध्ये नेमके हेच हाताला लागत नव्हते.

आणि यानंतर डोळ्याचं काम सुरू होतं. सॉफ्टवेअर आकड्याभोवतीच्या चौकटीचा मध्य जुळवतं, आकड्याच्या शाईचं वजन त्याला कळत नाही. १० आणि ११ रुंद, १ सडपातळ, ३ आणि ६ ची शेपटी खाली उतरते. त्यामुळे मापाने अचूक असलेला ६ वर सरकल्यासारखा दिसतो. ऑल्ट धरून बाणाच्या कळीने अगदी केसभर हलवा. तबकडी उलटी करून बघा, म्हणजे आकडे वाचले जात नाहीत आणि कुठली बाजू जड आहे ते दिसतं.

रेघोट्या

तासकाटा यांनी सगळं सांगितलंच आहे, पण एक्सेलची सवय असलेल्यांना लिबरऑफिस या फुकट ऑफिस-संचातलं चित्रं काढायचं ड्रॉ जवळचं वाटेल. तिथे खुणांसाठी एक गंमत आहे. खूण काढूच नका, आख्खा व्यास काढा, १९२ मिमीची उभी रेघ. मग एडिटमधलं डुप्लिकेट (शिफ्ट अधिक एफ-थ्री): प्रती २९, कोन ६ अंश, सरकण्याचे दोन्ही आकडे शून्य. प्रत्येक रेघ स्वतःच्या मध्याभोवती फिरते आणि मध्य तर सगळ्यांचा एकच. ३० रेघांची ६० टोकं झाली. वर १८० मिमी व्यासाचं, बिनकडेचं पांढरं वर्तुळ ठेवा, आतला गुंता झाकला जातो. केंद्र सरकवण्याची भानगडच नाही.

पानपालटे

कॅलेंडरचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. यासाठी चित्रकलेच्या सॉफ्टवेअरकडे जाऊच नका, तारखा स्प्रेडशीटला मोजू द्या. सात स्तंभ, सहा ओळी. सहा का, तर ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी किंवा शनिवारी आणि ३० चा शनिवारी सुरू झाला की रविवारपासूनच्या मांडणीत पाच ओळी पुरत नाहीत. २०२६ मध्ये मे आणि ऑगस्ट असे आहेत. उलट त्याच वर्षी फेब्रुवारी रविवारी सुरू होतो आणि चारच ओळींत संपतो. पाच ओळींचा साचा करून ठेवलात तर ३१ तारीख कुठे कोंबायची हा प्रश्न येतो. काही छापील कॅलेंडरं २४ आणि ३१ एकाच घरात घालतात, पण कमी दिसणाऱ्या माणसासाठी ते नकोच.

सूत्र साधं आहे. पहिल्या घरात महिन्याची १ तारीख वजा तिचा वार-क्रमांक (रविवार १ ते शनिवार ७) अधिक १, म्हणजे पहिल्या ओळीचा रविवार मिळतो. पुढचं प्रत्येक घर मागच्यात १ मिळवून. घराचा फॉरमॅट फक्त दिवसाचा ठेवा. महिना वेगळा असेल तर अक्षर पांढरं, हे कंडिशनल फॉरमॅटिंगने. महिन्याचा आकडा बदलला की अख्खं पान बदलतं. लिबरऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे कॅल्कमध्ये, फॉरमॅट कोडच्या आधी चौकटी कंसात नॅटनम१ (रोमन लिपीत) लिहून भाषा मराठी निवडली की तारखा देवनागरीत येतात.

आडव्या ए-फोरवर दोन्हीकडे १० मिमी सोडले तर एक घर साडेएकोणचाळीस मिमी रुंद मिळतं. वरचे ४० मिमी महिन्याच्या नावाला दिले तरी ओळीला २५ मिमी उरतात. ६० पॉइंटचा फॉन्ट आरामात मावतो. घरांच्या रेघा फिकट राखाडी ठेवा, काळ्या रेघा आकड्यांशी भांडतात.

निमूट

सगळ्यांचे आभार. काटे मोजले: मिनिटकाटा ८८, तासकाटा ६०. इंकस्केपमध्ये खुणा झाल्या, हा प्रकार भलताच सोपा निघाला! दोन शंका. फॉन्ट कोणता घेऊ? आणि फाईल छापायला दुसरीकडे द्यायची आहे, तिथे आकडे आणि अक्षरं बिघडणार नाहीत ना?

तासकाटा

८८ असेल तर खुणा ८६ ते ९२ आणि आकडे ६३ ते ८१, मध्य ७२. म्हणजे पडताळणीचे आकडे ३६ आणि ६२.४.

लांबून वाचायला सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या असलेला फॉन्ट बरा. ‘मुक्त’ किंवा ‘बालू’चं मध्यम वजन बघा. अगदी ठळक घेऊ नका, ६ आणि ९ मधल्या फटी बुजतात. कॅलेंडरच्या महिन्यांच्या नावांसाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ सुंदर दिसतो, त्यात ‘जुलै’चा ल आणि ‘शनि’चा श आपल्या वळणाचे येतात.

छापायला देण्याआधी फाईलची एक प्रत करा आणि तिच्यात सगळा मजकूर निवडून पाथ मेनूतलं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ द्या. अक्षरं आकृती होतात, मग समोरच्या संगणकावर फॉन्ट असो-नसो. मूळ फाईल तशीच ठेवा, कारण पाथ झालेला आकडा पुन्हा टाइप करून बदलता येत नाही. पीडीएफ द्या. फोटोच्या स्वरूपातच मागितली तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ए-फोरला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल.

कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची रेघ काढून ठेवा आणि ‘अ‍ॅक्चुअल साइज’ने छापायला सांगा, ‘फिट टू पेज’ने नाही. हाती आलेल्या कागदावर ती रेघ ९७ भरली तर तबकडीही तेवढीच आक्रसली आहे आणि काट्याचं टोक खुणांच्या बाहेरच्या टोकाजवळ पोचेल. भोक पाडायच्या आधी ही रेघ मोजा. काटे परत घालताना तिन्ही १२ वर ठेवून दाबा, नंतरच वेळ लावा.