लग्नाची छायाचित्रे: मोठा जेपेग पुरेसा आहे की रॉच हवे?

धागाकर्ता

लग्नाचे काम करणाऱ्या छायाचित्रकारांमध्ये सरसकट रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्येच, काढण्याचा जणू दंडकच पडला आहे आणि मला तो मान्य नाही. माझ्या मते जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानेच प्रक्रिया करून लहान केलेल्या तयार फाइलमध्ये, काढावे; आकार कायम सर्वांत मोठा ठेवावा, गुणवत्ता ‘फाइन’ ठेवावी आणि रॉ मोजक्या प्रसंगांपुरते वापरावे.

आकारात काटकसर नको, याचे कारण छपाईत आहे. अल्बमचे 12 बाय 18 इंचांचे पान 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) छापायचे, तर 5400 बाय 3600 पिक्सेल लागतात. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा पूर्ण आकारात 6000 बाय 4000 पिक्सेल देतो, म्हणजे कडा छाटायला थोडीशीच जागा उरते. ‘मीडियम’ आकार निवडला की पिक्सेल जवळपास निम्म्यावर येतात. गुणवत्तेचेही तसेच आहे. जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतला बारीक तपशील गाळतो. निकॉनच्या कॅमेऱ्यांत ‘फाइन’ला फाइल असंकोचित चित्राच्या साधारण एक चतुर्थांश होते, तर ‘नॉर्मल’ला एक अष्टमांश, पैठणीच्या जरीकाठावर हा फरक मोठ्या छपाईत दिसू शकतो.

रॉला विरोध मात्र व्यवहारातून आहे. एका लग्नाच्या दोन हजार फ्रेम प्रत्येकी 28 मेगाबाइट धरल्या, तरी 56 जीबी होतात आणि दुसरी प्रत ठेवायची तर त्याच्या दुप्पट. शिवाय अंतरपाट दूर होऊन अक्षता पडतात, त्या क्षणी सलग फ्रेम घेताना रॉने बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) लवकर भरतो आणि कॅमेरा नेमका तेव्हाच अडतो.

पिवळीसाडी

आपले छपाईचे गणित बरोबर आहे, पण लग्नातला प्रकाश आपण हिशेबातच घेतलेला नाही. हळदीच्या कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. पिवळी साडी, हळद लागलेला चेहरा आणि वर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव, अशा वेळी एकूण उजेडाचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटपाचा आलेख) निर्धोक दिसत असतानाही लाल चॅनेल (चित्रातला लाल रंगाचा हिस्सा) आधीच टोकाला गेलेले असते, म्हणजे त्यातला तपशील पुसला जातो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार केलेली रंगांची दुरुस्ती) त्यांत कायमचा मुरलेला असतो. नंतर मांडवाची लाली काढू गेल्यास गालावरचे छटांचे उतार तुटतात आणि तिथे सपाट पिवळा डाग उरतो. 14 बिटच्या रॉमध्ये 16,384 पायऱ्या असतात आणि व्हाइट बॅलन्स ही केवळ नोंद असते, म्हणून तो चेहरा बहुतेक वेळा सावरता येतो. हळद पुन्हा लागत नाही, मग 56 जीबीची चिंता किती करायची?

कोकणकडा

मला दोघांचेही म्हणणे अर्धेच पटते. अल्बममध्ये निवडक छायाचित्रे जातात. बाकीची घरचे लोक मोबाइलवर किंवा टीव्हीवर पाहतात आणि 4के टीव्हीलासुद्धा 83 लाखांच्या आसपासच पिक्सेल लागतात. व्यासपीठावर रांगेने येणाऱ्या पाहुण्यांच्या आहेराच्या छायाचित्रांना ‘मीडियम’ भरपूर झाले.

धागाकर्ता

कोकणकडा, आहेराच्या त्या रांगेतच एखाद्या आजोबांचे शेवटचे चांगले छायाचित्र असते आणि पुढे घरचे त्यातला तेवढाच चेहरा मोठा करून मागतात. ‘मीडियम’ने तो चेहरा आधीच लहान करून ठेवलेला असतो. तेव्हा आकाराबाबत मी ठाम आहे.

पिवळीसाडी, हळदीला रॉ हवे, हे मी मान्य करतो; माझ्या ‘मोजक्या प्रसंगां’त ती धरावीच लागेल. पण दुपारी उघड्या, सारख्या उजेडात, व्हाइट बॅलन्स हाताने बांधून काढलेल्या पंगतीच्या छायाचित्रांना रॉ कशासाठी?

पिवळीसाडी

कारण पंगत सावलीतून उन्हात कधी सरकली, हे धावपळीत ध्यानात येत नाही आणि दर तासाला मेनूत शिरून सेटिंग बदलणारा माणूस एखादा प्रसंग चुकीच्या सेटिंगवर काढण्याची शक्यता अधिक. जागेचाच प्रश्न असेल तर संकोचित रॉ आहे. कॅननने 2018 साली ईओएस एम50 बरोबर आणलेला सी-रॉ फाइल सुमारे 40 टक्क्यांनी लहान करतो आणि त्यामुळे बफरही उशिरा भरतो. तो थोडा तपशील गाळतो, हे खरे. तरीही मांडवातल्या चेहऱ्यासाठी मी तो ‘फाइन’ जेपेगच्या आधी निवडेन. अक्षतांच्या वेळी तेवढ्यापुरते जेपेगवर जा, त्याला माझी हरकत नाही. पण त्याआधी व्हाइट बॅलन्स त्या मांडवातच, पांढऱ्या कागदावर बांधून घ्या.