चाल काढून घेतली तर गाण्यात उरतं काय?

विरारफास्ट
सकाळच्या विरार-चर्चगेट फास्टला आमच्या डब्यात भजनी मंडळ असतं. पेटी नाही, पखवाज नाही. टाळांच्या दोन जोड्या, आणि ढोलकीच्या जागी पार्टिशनचा पत्रा. भाईंदर गेलं की टाळ उघडायलाही जागा उरत नाही. पत्र्यावरचा हात कुणाच्या तरी बॅगेखाली अडकतो. तरी अभंग चालूच! दाराशी लटकलेलासुद्धा धृपदाला बरोबर येतो. तो काय ऐकून येतो? चाल.
माझं मत सरळ आहे. संगीतात चाल ही घरमालक, ठेका आणि वाद्यमेळ हे भाडेकरू. हल्लीचं कुठलंही गाणं नुसतं पेटीवर वाजवून दाखवा. खालचा बेस गेला की चार सूर उरतात, तेही आळीपाळीने तेच. मग ते गाणं कसं म्हणायचं?

तिस्रजाती
मुंबईत भाडेकरू पागडीवाला असला तर मालकाला कोण विचारतो, साहेब?
एकल तबलावादन ऐकलंत कधी? शेजारी सारंगी किंवा पेटी असते आणि ती लेहरा धरते. त्रिताल असेल तर सोळा मात्रांची एकच ओळ, तासभर, जशीच्या तशी. लेहरा धरणाऱ्याने मध्येच हरकत घेतली तर तबलजी असा काही बघतो की पुन्हा हिंमत होत नाही. म्हणजे चाल आहे, पण सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, दाखवण्यापुरती. आणि गिरगावात विसर्जनाला ताशा कडाडतो तेव्हा 'चाल कुठली हो?' असं विचारणारा मला अजून भेटायचाय.

विरारफास्ट
मग काढून टाका ना लेहरा. ऐकणाऱ्यांतले निम्मे लोक समेवर मान हलवतात ती त्या ओळीच्या भरवशावर. एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याचा तुमचा तिहाईचा हिशेब त्यांना कुठून कळायला!

ठाकूरद्वार_नाका
दोघांचं चालू द्या, पण 'चार सूर' म्हणून नाक मुरडणं पटलं नाही. भूप रागात सूर किती? पाच. सा रे ग प ध. देशकार रागातही तेच पाच, सगळे शुद्ध. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देशकार सकाळचा. भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. देशकार गाताना गंधारावर जरा जास्त रेंगाळलात की भूप घरात शिरलाच. मारवा, पूरिया आणि सोहनी ही तर एकाच सुरांची तिघं. मारव्यात कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत बळकट, पूरियात गंधार-निषाद, आणि सोहनी सगळी वर, तार षड्जाच्या आसपास. तेव्हा चाल मोजायची ती कुठून आलात, कुठे थांबलात, कुठला सूर नुसता चाटून गेलात यावर. सुरांची संख्या काय कामाची?
आणि कसोटीला पेटी कसली घेता? पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. एका पट्टीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. (ती बंदी मला अतिरेकीच वाटते. पेटीवाल्यांनी त्या मर्यादेतही काय काय करून दाखवलंय. पण मुद्दा खोटा नव्हता.)

माहीमचा_बँडवाला
वाद्यमेळ म्हणजे भाडेकरू? वा! याच शहरातल्या स्टुडिओंत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट ही गोव्याकडची मंडळी काम करून गेली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. मग वाद्यमेळ बांधणारा अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, बसवून व्हायोलिनवाल्यांना वेगळा कागद, ट्रंपेटला वेगळा कागद काढून द्यायचा. बाई गातायत एक ओळ आणि मागून व्हायोलिनं धरतायत दुसरीच, पहिलीला कुठेही न अडवता. शंकर-जयकिशनचं जुनं गाणं गुणगुणताना मुखडा संपला की तुम्ही गप्प बसता का? नाही. मधला व्हायोलिनचा तुकडाही तोंडाने वाजवता. त्यामागे बऱ्याचदा सेबॅस्टियनचा हात असायचा, आणि रेकॉर्डवर त्याचं नाव शोधूनही सापडायचं नाही.

विरारफास्ट
तो तुकडा मी गुणगुणतो, म्हणजे तीही चालच झाली. माझाच मुद्दा.

माहीमचा_बँडवाला
अहो, मग मालक एक कसा? नाव संगीतकाराचं लावायचं आणि अरेंजरला कोपऱ्यात बसवायचं, ही खोड तुमच्या 'चाल म्हणजे सर्वस्व'मधूनच आलीय.

कडवं_अकरावं
पोवाडा विसरलात सगळे. शाहीर एकाच ओळीच्या वळणावर कडव्यांमागून कडवी रेटतो, मध्येच सरळ बोलायलाच लागतो, मागचे 'जी जी रं जी' धरतात. चाल म्हणून पेटीवर वाजवाल तर अर्ध्या मिनिटात कंटाळाल. तरी माणूस उठत नाही, कारण पुढे गडावर काय झालं ते ऐकायचंय. धारावीतल्या रॅप करणाऱ्या पोरांना 'सूर कुठेत' विचारणारे काका शाहिराला का विचारत नाहीत? आणि अभंगाचंच घ्या. एकाच अभंगाला दोन मंडळांच्या दोन चाली असतात, अभंग तोच राहतो. शब्दांना कुणी घरमालक म्हणणार आहे की नाही?

विरारफास्ट
चाल बदलली तरी चाल लागतेच ना. नुसता वाचून दाखवा अभंग, बघू किती जण उभ्याने साथ देतात.

तिस्रजाती
पुन्हा लेहऱ्याकडे येतो, उत्तर द्यायचं राहिलं होतं. लेहरा चंद्रकंस रागात घ्या नाहीतर किरवाणीत, माझे कायदे आणि रेले, म्हणजे तबल्याच्या बांधीव रचना, जसेच्या तसे वाजतील. उलट त्रितालातली बंदिश, म्हणजे रागातलं बांधलेलं गाणं, झपतालात टाकून बघा. सोळाच्या दहा मात्रा झाल्या की शब्दांची जागा हलते, सम भलत्याच अक्षरावर येते, सगळी चाल नव्याने बांधावी लागते. आता सांगा कोण कुणावर उभं आहे.

ठाकूरद्वार_नाका
आणि आलाप? यमनचा आलाप रंगतो तेव्हा तबलजी मांडीवर हात ठेवून बसलेला असतो.

तिस्रजाती
ठेका नसतो, लय असते.

ठाकूरद्वार_नाका
त्याला वेगळा धागा काढा. इथे पुरायचं नाही.