अनुभव धागा: ताजी फरसबी, हिरवी आणि शिजलेली. तुमची पद्धत आणि तुमचं माप लिहा

फरसबी (कुणी श्रावणघेवडा म्हणतं, कुणी नुसतं बीन्स) हे पंधरा मिनिटांत होणारं तोंडीलावणं आहे. तरी दोन तक्रारी कायम असतात. शिजली तर रंग जाऊन शेवाळी होते, आणि रंग टिकला तर दाताखाली करकरते. दोन्ही एकदम कसं साधायचं, त्यासाठी हा धागा.

कृपया पाव किलोच्या मापानं लिहा: पाणी किती, आच कोणती, किती मिनिटं, झाकण कधी. बिघडत असेल तर का बिघडतं तेही लिहा, कारण नवशिक्यांना त्याचाच जास्त उपयोग होतो.

सुपली

शिजवण्याआधीचं लिहिते, कारण अर्धी भाजी निवडतानाच ठरते.

शेंग मधोमध वाकवली की कट्‌कन तुटायला हवी आणि तुटल्या जागी ओल दिसायला हवी. वाकते पण तुटत नाही, ती शिळी. दाण्यांचे उंचवटे बाहेरून मोजता येत असतील तर ती जून झाली. जून शेंगेची साल वातड असते, कितीही शिजवा, चोथा तोंडात राहतोच. तिचे दाणे सोलून दुसऱ्या कशात घाला, झटपट भाजीत नको.

शिरा काढताना देठाचं टोक मोडून ते पूर्ण न तोडता कडेनं खाली ओढायचं. दोरा आला तर दुसऱ्या टोकाकडून दुसरी बाजूही ओढा. दोन-चार शेंगांना आलाच नाही तर ती बिनशिरेची जात, मग फक्त देठ काढा. (शिरा नसलेली जात अमेरिकेत कॅल्विन कीनी यांनी १८९४ मध्ये आणली. त्याआधी शेंगांच्या शिरा काढाव्याच लागत.) शेपटीकडचं निमुळतं टोक कोवळ्या शेंगेत तसंच राहू द्या, ते छान शिजतं. निवडल्यावर पाव किलोची साधारण २२५ ग्रॅम उरते. तोंडीलावणं म्हणून दोन-तीन जणांना पुरते.

आणि एक: जाड आणि बारीक शेंगा वेगळ्या करा. जाड आधी टाकायच्या, बारीक एक-दीड मिनिटानं. नाहीतर एकाच घासात एक कच्ची आणि एक गिळगिळीत.

काटेकोर

माझी पद्धत उकळत्या पाण्याची. थोडं काम जास्त आहे, पण हमखास जमते.

पाव किलोला ३ लिटर पाणी. दर लिटरला चहाचे २ सपाट चमचे मीठ, म्हणजे साधारण १२ ग्रॅम. एवढं मीठ पाहून घाबरू नका, बहुतेक सगळं पाण्याबरोबर ओतून जातं, आणि शेंगेला आतपर्यंत चव येते. वरून मीठ भुरभुरून ती चव येत नाही.

पाणी खळखळा उकळायला लागलं की सगळ्या शेंगा एकदम सोडा. झाकण नाही. अर्ध्या मिनिटात रंग झपकन उजळतो, ओल्या रंगाच्या भिंतीसारखा. पेशींमधल्या फटीतली हवा निघून जाते म्हणून तसं दिसतं. शेंग शिजली असा त्याचा अर्थ नाही. इथेच फसून बरेच जण गॅस बंद करतात आणि मग करकर होते.

बारीक शेंगांना ३ मिनिटं, मध्यम जाडीला ४ ते ५, जाडजूड असतील तर ६. तिसऱ्या मिनिटापासून दर अर्ध्या मिनिटाला एक काढून चावून बघा. दात आत जाताना किंचित अडला पाहिजे, पण दातावर घासल्याचा आवाज यायला नको.

चाळणीत ओतून लगेच बर्फाच्या पाण्यात. १ लिटर पाणी आणि ट्रेभर बर्फ पुरतं. तिथे २ मिनिटंच, जास्त वेळ ठेवली तर शेंग पाणी धरते आणि चव फिकी होते. बर्फ नसेल तर मिनिटभर आधी उतरवून ताटात एकेरी पसरा, उरलेलं शिजणं आतल्या उष्णतेवर होतं. मग स्वच्छ फडक्यावर कोरडी करा. ओली शेंग तापल्या तेलात पडली की तेल उडतं आणि शेंग परतली न जाता वाफवली जाते.

पाणी एवढं का? थोड्या पाण्यात शेंगा पडल्या की उकळी मोडते आणि तापमान बराच वेळ मधल्यामध्ये रेंगाळतं. साधारण ५५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात शेंगेतलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि पेक्टिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ, घट्ट करतं. असं एकदा घट्ट झालेलं नंतर सहजी मऊ होत नाही. गार पाण्यात शेंगा घालून हळूहळू तापवल्या तर त्या रबरासारख्या का राहतात, याचं कारण हेच.

भांडंभर

रोजच्या घाईत एवढं पाणी उकळणं होत नाही. एका पसरट भांड्यात होणारी कृती देते, धुण्याला भांडंही एकच.

साहित्य: शेंगा पाव किलो (अख्ख्या किंवा दोन तुकडे), पाणी ६० मिली म्हणजे पाव कप, मीठ अर्धा चहाचा चमचा, लोणी किंवा तेल २ चहाचे चमचे, लसूण ३ पाकळ्या पातळ काप करून, मिरपूड, लिंबाचा रस १ चहाचा चमचा.

भांडं २६ ते २८ सेंटीमीटर रुंदीचं घ्या. पाणी आणि मीठ मोठ्या आचेवर उकळवा, शेंगा टाका, झाकण ठेवा. घड्याळ लावून ३ मिनिटं, जाड असतील तर ४. झाकण काढा आणि आच तशीच ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत पाणी आटतं. इथे कान द्या: बुडबुड्यांचा आवाज बदलून चरचर सुरू झाली की पाणी संपलं. आच मध्यम करा, शेंगा कडेला सारा, मध्ये लोणी घाला, त्यात लसूण. कापांच्या कडा सोनेरी व्हायला लागल्या (४०-५० सेकंद) की सगळं एकत्र करून मिनिटभर परता. गॅस बंद. मिरपूड आणि लिंबू त्यानंतर.

बिघडतं ते असं. पाणी अर्धा कप घातलं तर आटेपर्यंत शेंगा जास्त शिजतात. लसूण सुरुवातीलाच टाकला तर तो उकडून पांचट लागतो. पाणी आटल्यावर मोठ्या आचेवर टाकला तर करपून कडू होतो, आणि कडू झालेला लसूण लिंबानं झाकला जात नाही. अर्धा किलो शेंगा एकाच भांड्यात कोंबल्या तर वरच्या कच्च्या राहतात. दोन खेपा करा.

मंद आच

काटेकोर म्हणतात झाकण नको, भांडंभर म्हणतात झाकण ठेवा. नेमकं काय?

काटेकोर

दोन्ही बरोबर आहे, फरक मिनिटांचा आहे. हरितद्रव्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आम्ल मिळालं की ते निसटतं, त्या जागी हायड्रोजन येतो आणि रंग शेवाळी होतो. शिजताना शेंगेतूनच थोडी आम्लं बाहेर पडतात. झाकण असेल तर त्यांची वाफ परत आत पडते, उघडं असेल तर उडून जाते. तीन-चार मिनिटांत फारसं नुकसान होत नाही. सात-आठ मिनिटं झाकून ठेवलं की फरक डोळ्यांना दिसतो.

लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो शेवटी घालायचं तेही याचसाठी. शिवाय आम्लामुळे शेंग मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणजे आधी टोमॅटो घातला तर रंग जातो आणि शिजतही नाही, दुहेरी तोटा. लिंबू घातलेली भाजी तासभर ठेवली तरी रंग उतरतो, तेव्हा ते वाढतानाच पिळा. रंग महत्त्वाचा असेल तर रसाऐवजी लिंबाची किसलेली साल घाला, तिला वास भरपूर आणि आंबटपणा जवळजवळ नाही.

मंद आच

धन्यवाद, आता लक्षात आलं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर?

काटेकोर

रंग हिरवा राहतो, पण साल सुटून शेंग लगदा होते, साबणासारखी चव येते आणि जीवनसत्त्वंही जातात. मी तरी अजिबात घालू नका म्हणेन.

वाफाळ

वाफेवर: खालचं पाणी जाळीला टेकू द्यायचं नाही. पाणी उकळल्यावरच शेंगा ठेवा, झाकण, ५ ते ७ मिनिटं. थर दोन बोटांपेक्षा जाड नको. मीठ नंतर लावावं लागतं, म्हणून शेंगा गरम असतानाच तेल आणि मीठ एकत्र चोळा. 

मायक्रोवेव्ह: पाव किलोला २ मोठे चमचे पाणी, पसरट काचेचं भांडं, सैल झाकण, ८०० वॅटवर ३ मिनिटं. हलवून आणखी १ मिनिट, मग झाकूनच १ मिनिट ठेवा. चांगली होते, पण शेंगा एकसारख्या जाडीच्या नसतील तर बारीक शेंगांची टोकं सुरकुततात.

प्रेशर कुकरच्या वाटेला जाऊ नये. वाफ धरून सुटेपर्यंतच या शेंगा हाताबाहेर जातात.

तांबूस कडा

खरपूस आवडत असेल तर भट्टीत भाजा. ओव्हन २२० अंश सेल्सिअसला आधी पूर्ण तापवा. ४०० ग्रॅम शेंगा अगदी कोरड्या पुसून १ मोठा चमचा तेल, अर्धा ते पाऊण चहाचा चमचा मीठ. मोठ्या ट्रेमध्ये एकेरी पसरा, शेंगांमध्ये थोडी जागा हवी. १५ ते २० मिनिटं, दहाव्या मिनिटाला हलवा. शेंगा आक्रसून कडेला तपकिरी डाग पडले की झालं. इथे हिरवा रंग टिकवायचा नसतोच, गोडवा वाढवायचा असतो. पिवळट, नरम झाल्या पण डाग नाहीत, तर ट्रे दाटीचा होता किंवा शेंगा ओल्या होत्या.

ओव्हन नसेल तर कढई कडक तापवून, थेंबभर तेलावर ८ ते १० मिनिटं, सारखं न ढवळता. साल फुगून फोड आले पाहिजेत. शेवटच्या मिनिटाला लसूण आणि भाजलेले तीळ किंवा बदामाचे काप घाला.

डोंगरमाथा

वरच्या सगळ्या वेळा समुद्रसपाटीच्या आसपासच्या आहेत. १५०० मीटर उंचीवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उकळण्या-वाफवण्याच्या वेळेत मिनिट-दीड मिनिट वाढवा आणि चावून ठरवा. जड पाण्यातही वेळ जास्त लागतो, कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला बळकट करतं.

जांभळ्या शेंगा मिळाल्या तर सांगून ठेवते: त्या शिजल्या की हिरव्याच होतात, जांभळं रंगद्रव्य उष्णतेनं जातं. हे बिघडणं नाही.

सुपली

साठवणीचं राहिलंच. न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून सैल पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. ५ अंशांखाली काही दिवस राहिल्या की थंडीनं सालीवर खळगे आणि गंजासारखे डाग पडतात. आठवडाभरात संपवा. बोट लावल्यावर बुळबुळीत लागली तर टाकून द्या, धुऊन वापरू नका.

मंद आच

शेवटचा प्रश्न. सॅलडमध्ये कच्ची घातली तर चालते का? आणि सकाळी करून रात्री वाढायची असेल तर?

काटेकोर

कच्ची नको. घेवड्याच्या जातीत लेक्टिन हा घटक असतो, त्यानं पोट बिघडू शकतं. कोवळ्या शेंगेत तो राजम्याच्या दाण्यापेक्षा बराच कमी असतो, तरी उकळून घेणं बरं. सॅलडसाठी ४-५ मिनिटं उकळून गार केलेली वापरा.

रात्रीसाठी: सकाळी उकळून, गार करून, पूर्ण कोरडी करून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. दोन-तीन दिवस राहते. वाढायच्या वेळी तापल्या लोण्यावर २ मिनिटं मोठ्या आचेवर, फक्त गरम होईपर्यंत परता. आधीच परतून ठेवलेली पुन्हा तापवली तर लसूण कडवट लागतो, म्हणून लसूण, मिरपूड, लिंबू सगळं रात्रीच घाला.