एचआयव्ही आणि मेथ, एकाच मेंदूत : या संशोधनावर सरकारी पैसा खर्च व्हावा का?

उंबरठा (धागाकर्ती)

एका परिचितांनी मला अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या अनुदानांची यादी दाखवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं : एचआयव्ही असलेल्यांच्या मेंदूवर मेथ (मेथॅम्फेटामिन हे नशेचं द्रव्य) आणि कोकेनचा परिणाम. ते म्हणाले, "मेथ मेंदूला वाईट, एचआयव्हीही वाईट. दोन्ही एकत्र आले तर आणखी वाईट. एवढं कळायला सरकारी तिजोरी कशाला?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे मांडते. विरोधी मतं हवीच आहेत.

एचआयव्ही मेंदूत फार लवकर शिरतो. लागण झाल्यावर साधारण आठ दिवसांतच काहींच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात तो सापडला आहे. तिथे तो चेतापेशींना हात लावत नाही, मायक्रोग्लिया या मेंदूच्या राखणदार पेशींत घर करतो. राखणदार चिडतात, दाह सुरू होतो आणि शेजारच्या चेतापेशी त्यात होरपळतात. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्यांनी विषाणूची वाढ थांबते, पण ज्या पेशीच्या डीएनएत तो आधीच बसला आहे ती पेशी शिल्लक राहते. अशा पेशीतून टॅट नावाचं विषाणूचं प्रथिन बाहेर पडत राहू शकतं, कारण सध्याच्या गोळ्या ते बनणं अडवत नाहीत.

आता डोपामिन, चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन. चेतापेशी ते सोडते आणि काम झालं की परत आत ओढते. ओढून घेणारा एक वाहक असतो. कोकेन त्या वाहकाला अडवतं. मेथ त्याच वाहकातून आत जातं आणि डोपामिन उलटं बाहेर ढकलायला लावतं. आणि टॅट? प्रयोगशाळेत तेही याच वाहकाचं काम बिघडवताना दिसलं आहे. उलट बाजूनेही दोर बांधलेला आहे : डोपामिन वाढलं की मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना एचआयव्हीची लागण जास्त होते, असं पेशींवरच्या प्रयोगांत आढळलं आहे. म्हणजे दोन वाईट गोष्टींची ही साधी बेरीज नाही. दोघांचं भांडण एकाच दारात चाललंय, आणि ते वेगवेगळ्या खोल्यांत बसून समजणार नाही. म्हणून माझं मत : हा पैसा योग्य जागी जातो.

खर्चवही

मांडणी आवडली, पण असहमत. दारातलं भांडण खरं असेल, पण त्याने किती माणसांचं किती बिघडतं हे तुम्ही सांगितलंच नाही. पैशाचा निर्णय त्यावर व्हायला हवा.

१९९६ नंतर एकत्रित औषधोपचार आले आणि एचआयव्हीमुळे होणारा स्मृतिभ्रंश झपाट्याने घटला. चार्टर हा अमेरिकेतला मोठा अभ्यास, १,५५५ माणसांचा, २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातला "निम्म्याहून जास्त लोकांत मेंदूचा बिघाड" हा आकडा सगळीकडे फिरतो. तो फोडून बघा. स्मृतिभ्रंश होता सुमारे २ टक्क्यांना. सौम्य त्रास सुमारे १२ टक्क्यांना. तब्बल ३३ टक्के माणसं अशी, की त्यांना रोजच्या जगण्यात काहीच अडत नव्हतं, फक्त चाचणीत गुण कमी पडले. २००७ चे हे निकष इतके सैल आहेत की लागण नसलेल्या ठणठणीत माणसांतलेही बरेच जण त्यात "बिघाड" म्हणून अडकतात, ही टीका त्याच क्षेत्रातल्या संशोधकांनी केली आहे. आधी माणसावर शिक्का मारायचा, मग त्या शिक्क्याच्या संख्येवर अनुदान मागायचं, हे मला पटत नाही.

दुसरं. मेथ किंवा कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेत आजही एकही मान्यताप्राप्त औषध नाही. व्यसनावर संशोधन करणारी त्यांची संस्था, एनआयडीए, १९७४ पासून आहे. दुसरीकडे, नशा न केल्याची तपासणी पार पडली की लगेच छोटं बक्षीस द्यायचं, ही साधी पद्धत मेथ-कोकेनसारख्या उत्तेजकांच्या व्यसनावर सर्वांत चांगली टिकलेली आहे, आणि ती बहुतेक रुग्णांपर्यंत पोचतच नाही. माझ्या हातात वही असती तर मी आधी तिकडे पैसे लिहिले असते.

रानवाट

खर्चवही यांच्याशी सहमत. जगात चार कोटींच्या वर माणसं एचआयव्हीसह जगतात. २०२४ मध्ये सहा लाखांच्या वर माणसं एड्सशी संबंधित आजारांनी गेली. त्यातली बहुतेक एआरटीची गोळी वेळेत न मिळाल्याने किंवा सुटल्याने. आधी गोळी.

सूक्ष्मदर्शी

मी मेंदूच्या ऊतींवर काम करते, त्यामुळे माझं मत निरपेक्ष नाही हे आधीच सांगते.

उंदीर-घुशींवरच्या कामाबद्दल खर्चवहींनी विचारलं नाही, पण तो प्रश्न येणारच, म्हणून मीच बोलते. एचआयव्ही उंदराला होत नाही. त्यामुळे जनुकं घालून बनवलेले प्राणी वापरतात. काहींत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं की मेंदूत फक्त टॅट तयार होतं. त्यातून एका प्रथिनाचा परिणाम सुटा करून बघता येतो, ही मोठी सोय. पण त्या मेंदूत विषाणू वाढत नसतो. आणि संशोधकाने टोचलेलं मेथ आणि प्राण्याने स्वतः कळ दाबून मिळवलेलं मेथ मेंदूवर सारखं वागत नाही. तरीही टोचून केलेले अभ्यास पुन्हापुन्हा होतात, कारण ते लवकर उरकतात. इथे निधी कमी केला तर मी रडणार नाही.

माणसाच्या ऊतींचं तसं नाही. एचआयव्ही असलेल्यांचे मृत्यूनंतर दान केलेले मेंदू जपणारं अमेरिकेतलं जाळं १९९८ पासून चालू आहे. सॅन डिएगोत २०१७ पासून 'लास्ट गिफ्ट' नावाचा अभ्यास चालतो. असाध्य आजाराने अखेरच्या टप्प्यात असलेली, एचआयव्हीसह जगणारी माणसं त्यात जिवंतपणी सहभागी होतात आणि मृत्यूनंतर काही तासांत शरीर अभ्यासाला देतात. त्यातल्या काहींच्या मायक्रोग्लियातून पुन्हा वाढू शकणारा विषाणू वेगळा काढता आला, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. ती माणसं वर्षानुवर्षं गोळ्या घेत होती, त्यांच्या रक्तातला विषाणू दाबलेला होता. एचआयव्ही मुळापासून बरा करायचा तर मेंदूतला हा साठा सोडून चालणार नाही. मेथ, कोकेन आणि अफूवर्गीय द्रव्यं त्या साठ्याचं काय करतात, हे पेशीगणिक बघणारा स्कॉर्च हा एकत्रित प्रकल्प एनआयडीएच्याच पैशावर उभा आहे. असं काम कुठली औषध कंपनी आपण होऊन करेल?

दिवेलागण

मी या विषयातली नाही. माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आहे आणि काही वर्षं तो मेथ घेत होता. आता कमी आहे. थांबलंय असं म्हणत नाही.

गोळ्या विसरायला लागला तेव्हा मी त्याला घेऊन त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, आधी व्यसन सोडवा, मग बघू. व्यसनमुक्ती केंद्रात म्हणाले, एचआयव्हीचं आम्हाला कळत नाही, तिकडूनच लिहून आणा. सहा-सात महिने आम्ही या दोन दारांत फिरलो. त्याला शब्द आठवायचे नाहीत. चहा ठेवून विसरायचा. मी विचारायचे, हे आजारामुळे की नशेमुळे, की झोप नाही म्हणून, की मन खचलंय म्हणून? कोणीही "माहीत नाही" असंसुद्धा म्हणालं नाही. सगळ्यांनी त्याच्या चारित्र्यावर उत्तर दिलं.

खर्चवही, तुम्ही म्हणता ३३ टक्के लोकांना काही अडत नव्हतं. माझ्या भावाला कोणी विचारलं असतं तर तोही "मस्त चाललंय" म्हणाला असता.

खर्चवही

दिवेलागणताई, तुमचा शेवटचा मुद्दा मी टाळत नाही. "अडत नाही" हे माणूस स्वतः सांगतो तेव्हा त्यावर किती विसंबायचं, हा खरा प्रश्न आहे आणि मी तो हलका धरला होता.

पण तुमच्या भावाला काय हवं होतं ते पुन्हा वाचा. एकाच छपराखाली दोन्ही उपचार. त्याला माणूस म्हणून वागवणारा डॉक्टर. यातलं काहीही पेशीगणिक नकाशातून येत नाही.

उंबरठा

छप्पर हवंच. पण त्या छपराखाली डॉक्टर देणार काय? ते कोणीतरी आधी तपासलेलं असावं लागतं.

२०२१ मध्ये मेथच्या व्यसनावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ४०३ माणसांवर. नाल्ट्रेक्सोन या अफूवर्गीय ग्राही (पेशीवरचे, द्रव्य जिथे चिकटतं ते रेणू) अडवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं आणि ब्युप्रोपिऑन या डोपामिनवर काम करणाऱ्या नैराश्यावरच्या औषधाच्या गोळ्या एकत्र दिल्या. प्रतिसाद, म्हणजे बहुतेक लघवी-तपासण्यांत मेथ न सापडणं, १३.६ टक्क्यांत दिसला, खोट्या औषधाच्या गटात २.५ टक्क्यांत. फार मोठं यश नाही, पण शून्यही नाही. त्याआधी मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या जुन्या औषधाचे दोन छोटे प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोत झाले, २०११ आणि २०२० मध्ये. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत मेथचा वापर घटला आणि एचआयव्ही पसरवू शकणारं वर्तनही घटलं. यामागे एनआयडीएचाच पैसा होता. कोणत्या औषधाला हात घालायचा ही कल्पना कुठून येते? डोपामिन आणि अफूवर्गीय ग्राहींवर झालेल्या जुन्या मूलभूत कामातून. खर्चवही, तुम्ही मधली पायरी काढून टाकता आहात.

आणि काही गोष्टी तर अगदी रोजच्या आहेत. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध यकृतातली विकरं अडवतं, त्यामुळे काही नशेच्या द्रव्यांचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. एक्स्टसी या नशेच्या गोळीसोबत असा मृत्यू १९९८ मध्येच नोंदला गेला होता. दोन्ही गोष्टी एकत्र अभ्यासल्या नाहीत तर हे कळतं ते शवविच्छेदनात.

पाणपोई

मला दोन्ही बाजूंना एक आठवण करून द्यायची आहे. एनआयएचच्या एकूण निधीतला साधारण १० टक्के वाटा बरीच वर्षं एड्ससाठी राखीव असायचा. राखीव पैसा असला की अर्जात "एचआयव्ही" हा शब्द चिकटवायचा मोह होतो. २०१५ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि प्राधान्यक्रम ठरवून प्रकल्प तपासले गेले. ते योग्यच झालं असं मला वाटतं. तेव्हा "प्रत्येक अनुदान पवित्र" ही भूमिका उंबरठा यांनीही घेऊ नये.

माझी तक्रार वेगळी आहे. मेंदूवरचं बहुतेक काम एचआयव्हीच्या बी उपप्रकारावर झालं, कारण अमेरिका-युरोपात तोच जास्त. जगातल्या जवळपास निम्म्या लागणी सी उपप्रकाराच्या आहेत, आफ्रिकेच्या दक्षिण भागात आणि भारतात. सी उपप्रकाराच्या टॅटमध्ये ३१ व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी बहुधा सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल असतं, आणि त्यामुळे दाहाच्या पेशी खेचून आणण्याची त्याची ताकद कमी पडते, हे बंगळुरूच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. म्हणजे ज्या दाराची गोष्ट उंबरठा सांगतात, ते दार निम्म्या जगात थोडं वेगळं असू शकतं. यावर पैसा कमी आहे. वाद घालायचाच तर इथे घालूया.

उंबरठा

मान्य. "हा पैसा योग्य जागी जातो" हे मी सरसकट लिहिलं, ते चुकलं.

सूक्ष्मदर्शी

पाणपोई, तपासून बंद करणं आणि मधेच तोडणं यात फरक करा. २०२५ मध्ये एनआयएचची शेकडो अनुदानं मुदत संपण्याआधी रद्द झाली, त्यात एचआयव्हीची पुष्कळ होती. प्रयोगशाळेतला प्रयोग पुन्हा लावता येतो. माणसांचा माग ठेवणारा अभ्यास तुटला तर तुटलाच. अमेरिकेतल्या पुरुषांचा असा अभ्यास १९८४ पासून आणि स्त्रियांचा १९९३ पासून चालला, २०१९ मध्ये ते एकत्र केले. तीच माणसं, दर काही महिन्यांनी, दशकानुदशकं. अमेरिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांत आता निम्म्याहून जास्त पन्नाशीच्या पुढचे आहेत. तारुण्यात कोकेन घेतलं, तीस वर्षं विषाणू अंगात आहे, आता वार्धक्य आलं : या मेंदूचं काय होतं, हे उद्या एखाद्याला नव्याने सुरू करून कळणार नाही. गेलेली तीस वर्षं विकत मिळत नाहीत.

खर्चवही

हे पटलं. माझी वही थोडी बदलतो. मेंदूदान आणि दीर्घकाळ माग ठेवणारे अभ्यास : हात लावू नका. माणसांवरचे औषधप्रयोग : वाढवा. टोचलेल्या मेथचे तेच ते प्राणीप्रयोग : कमी करा आणि तो पैसा एका छपराखालच्या उपचारांकडे द्या. "बिघाड" मोजायचे निकष आधी दुरुस्त करा, त्याशिवाय त्या आकड्यावर नवं अनुदान नको. यावर मी ठाम आहे.

रानवाट

मी अजूनही आधी गोळीच म्हणतो. ज्याला गोळीच मिळत नाही त्याच्या मायक्रोग्लियाची चर्चा मला जड जाते.

दिवेलागण

रानवाट, माझ्या भावाकडे गोळी होती. डबीत होती. ती घ्यायची आठवण ज्या मेंदूने ठेवायची, तोच दुखावला होता.

एक विचारायचं राहिलं, सूक्ष्मदर्शी यांना. मध्यंतरी एका अभ्यासाची माहिती मिळाली म्हणून मी भावाशी बोलले. तो तयार झाला, स्वतःहून, मला खूप बरं वाटलं. मग अटी वाचल्या. गेल्या सहा महिन्यांत उत्तेजक द्रव्य घेतलेलं नसावं. असं बहुतेक ठिकाणी असतं का? की त्याच्यासारख्यांना घेणारेही अभ्यास आहेत?

सूक्ष्मदर्शी

ताई, अशी अट खूप ठिकाणी असते, आणि तिच्यामुळेच आमच्या हातात तुमच्या भावासारख्यांची माहिती कमी असते. पण चालू वापर असलेल्यांना मुद्दाम घेणारेही अभ्यास आहेत. मिर्टाझापिनचे दोन्ही प्रयोग तसेच होते. सॅन डिएगोत एचआयव्ही आणि मेथ यांवर काम करणारं एक केंद्रही आहे. असे अभ्यास शोधायचे कसे आणि अटी वाचताना काय बघायचं, ते आज रात्री इथेच लिहून ठेवते. तोवर एक करा : तो एचआयव्हीच्या कोणत्या गोळ्या घेतो त्यांची नावं डबीवरून उतरवा आणि त्यात रिटोनाव्हिर किंवा तशीच विकरं अडवणारं कोबिसिस्टॅट आहे का ते बघा. असलं तर डॉक्टरांना मेथबद्दल स्पष्ट सांगा, आणि गोळ्या मात्र आपल्या मनाने थांबवू नका.

दिवेलागण

बघितलं. कोबिसिस्टॅट आहे. उद्या सकाळी फोन करते.