अपघात-आगीचं वार्तांकन : डेस्क आणि वार्ताहरांच्या मनावरचा ताण कमी करायला कामात काय बदलावं?

डेस्क_नाशिक
आमच्याकडे शहरात क्राइम बीटवर दोघं, तालुक्यांत स्ट्रिंगर (बातमीमागे मानधन घेणारे वार्ताहर) आणि रात्रपाळीला डेस्कवर, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या तपासायला, तिघं. एप्रिल २०२१ मधली जाकिर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजन गळती किंवा ऑक्टोबर २०२२ मध्ये औरंगाबाद रोडवर पेटलेली खासगी बस, अशा वेळी ग्रुपवर फोटो-व्हिडिओंचा पूर येतो. रामकुंडाच्या वाटेवर २००३ मध्ये चेंगराचेंगरी झालेली आहे आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, म्हणून नियम आत्ताच ठरवायचे आहेत. मोठ्या घटनेनंतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून समुपदेशन करावं, असा एक प्रस्ताव आहे. त्याचा उपयोग होतो का? आणि ‘मन घट्ट करा’ यापलीकडे नेमकं काय करता येतं?

निगेटिव्ह_३५
समुपदेशनाच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपकडे बघा. प्रत्येकाच्या फोनवर ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग, तिन्हीकडे. ‘चॅट्स’मधली मीडिया व्हिजिबिलिटीही बंद करा, नाहीतर मॉर्च्युरीतला फोटो गॅलरीत जाऊन बसतो आणि घरी मुलांचे फोटो दाखवताना मध्येच समोर येतो. गूगल फोटोजचा बॅकअप सुरू असेल तर वर्षभरानं तोच फोटो ‘आठवण’ म्हणूनही येऊ शकतो. मनाची तयारी नसताना दिसलेलं चित्र जास्त रुततं. म्हणून अचानक काही दिसू नये, एवढं आधी साधा.

घटनेसाठी वेगळा ग्रुप करा. पाठवणाऱ्यानं फाइलच्या आधी एक ओळ लिहायची : ‘दोन मृतदेह, एकाचा चेहरा दिसतो, किंकाळ्या आहेत, ४० सेकंद.’ उघडणारा एकच. बाकीच्यांनी हात लावायचा नाही. पहिल्यांदा बघताना आवाज पूर्ण बंद, खिडकी लहान, जमल्यास स्क्रीन ग्रेस्केल, म्हणजे काळी-पांढरी. आवाजाचा त्रास चित्रापेक्षा जास्त होतो, हे व्हिडिओ एडिटरांना विचारा. पडताळणीसाठी लागतं काय? दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, मागची इमारत, सावली. मग मृतदेहाच्या जागी स्क्रीनवर कागद चिकटवा आणि कडेचंच बघा. पाहून झालं की फाइलच्या नावात ‘त्रासदायक_तपासली’ घाला, म्हणजे पुढच्या पाळीतला पुन्हा उघडणार नाही. फोल्डर यादीच्या स्वरूपात ठेवा, थंबनेल नकोत. एकाला सलग पाऊण तासापेक्षा जास्त हे काम देऊ नका, आणि शिफ्टच्या शेवटच्या तासात तर नाहीच. तेच डोळ्यांसमोर घेऊन माणूस झोपायला जातो.

दुसऱ्या दिवशीची बैठक मात्र मला चांगली वाटते. सगळ्यांनी काय पाहिलं ते बोलून मोकळं व्हावं.

मानसोपचार_गंगापूररोड
वरचं सगळं पटतं, शेवटचं सोडून. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून काय पाहिलं ते सविस्तर सांगायला लावणं, अशी एकदाच घेतलेली बैठक पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर टिकून राहणारा मानसिक आघाताचा आजार) टाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ती सुचवत नाही. ज्याला बोलायचं नाही त्याच्यावर सक्ती होते, आणि ज्यानं ते दृश्य पाहिलंच नव्हतं त्याला दुसऱ्याच्या तोंडून ते मिळतं. त्याऐवजी मुख्य वार्ताहरानं प्रत्येकाला वेगळं विचारावं : जेवलास का, झोप किती झाली, उद्या कोणतं काम नको. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग महिन्यानं. महिन्यानंतरची विचारपूस सगळेच विसरतात.

डेस्कवरच्यांना ‘तुम्ही कुठे तिथे होतात?’ असं म्हणू नका. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांचं निदान ज्यावरून करतात त्या अमेरिकन पुस्तिकेत) कामाचा भाग म्हणून स्क्रीनवर वारंवार अशी दृश्यं पाहावी लागणं हेही पीटीएसडीच्या निकषात धरलं आहे. बॉस्टन मॅरेथॉन स्फोटानंतरच्या अभ्यासात रोज सहा किंवा जास्त तास ते कव्हरेज पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तेव्हा डेस्कसमोरच्या टीव्हीवर तोच लूप दिवसभर चालू ठेवू नका.

पहिले काही दिवस झोप मोडणं, दचकणं, ते दृश्य आठवणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटूनही स्वप्नं, रस्ता बदलून जाणं, जळका वास आला की घाम फुटणं, घरी विनाकारण खेकसणं, झोपेसाठी रोज दारू लागणं असं राहिलं तर उपचार घ्यावेत. जगण्यात अर्थ नाही असे विचार आले तर महिना मोजू नका, त्याच दिवशी या. ओळखीच्या केमिस्टकडून झोपेच्या गोळ्या घेणं टाळा. डायझेपाम, अल्प्राझोलामसारखी औषधं या लक्षणांवर पहिल्या महिन्यात देऊ नयेत, अशीच शिफारस आहे. ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (त्या आघाताभोवतीचे विचार आणि वागणं बदलणारी बोलून करायची थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत ती आठवण हाताळणारी थेरपी) उपयोगी पडतं, साधारण ८ ते १२ सत्रं लागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

निफाड_वार्ताहर
तालुक्याचं दुखणं वेगळं आहे. शेतकरी आत्महत्येची बातमी करायला जाणारा स्ट्रिंगर त्याच गावचा, कधी भाऊबंदांतलाच असतो. वरून फोन येतो, ‘बायकोचा बाइट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) घे, रडताना.’ मृतदेह पाहिल्याचं जेवढं खुपतं, त्याहून हे जास्त खुपतं, कारण ते आपण स्वतः केलेलं असतं. म्हणून नियम लेखी हवा : अंत्यसंस्काराच्या दिवशी घरच्यांचा बाइट नाही, आणि वार्ताहरानं ‘नको’ म्हटलं तर डेस्कनं कारण विचारायचं नाही. दुसरं, मानधन बातमीमागे असतं. सुट्टी घेतली की पैसे बुडतात, म्हणून तो थांबतच नाही. मोठ्या घटनेनंतरच्या दोन दिवसांचं मानधन बातमी नसली तरी द्या. पाठपुराव्याला दुसऱ्याला पाठवा.

डेस्क_नाशिक
बैठक रद्द. लेखी नियम आणि मानधनाचा मुद्दा मालकांपुढे मांडतो. उपचाराचा खर्च ग्रुप विम्यातून मिळतो का?

मानसोपचार_गंगापूररोड
मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायला हवं. अडचण अशी, की बहुतेक पॉलिसी फक्त दाखल झाल्यावरचा खर्च देतात आणि समुपदेशन ओपीडीत होतं. नूतनीकरणाच्या वेळी ओपीडीचा रायडर (पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण) मागा. स्ट्रिंगर पगारपत्रकावर नसतात, म्हणून त्यांच्यासाठी सत्रांची फी थेट संस्थेनं भरायची सोय वेगळी करावी लागेल. बिलावर फक्त ‘सल्ला शुल्क’ लिहून घ्या आणि नाव एचआरपलीकडे जाऊ देऊ नका, नाहीतर कुणी येणार नाही.