कलावंतिणींना ‘स्वतंत्र स्त्रिया’ म्हणायचं की नाही?

मुठाकाठ
मस्तानीचा विषय निघाला की पुण्यात ठरलेला वाद होतो. एक म्हणतो ती नाचणारी होती. दुसरा उसळून म्हणतो, छे, ती छत्रसालाची लेक, बाजीरावाची पत्नी! मला हा दुसरा जास्त खुपतो. म्हणजे नाचणारी असती तर तिचा अपमान चालला असता?

आपण बायकांच्या शिक्षणाचा इतिहास 1848 च्या भिडेवाड्यापासून सांगतो, आणि तो सांगायलाच हवा. पण हैदराबादची तवायफ, म्हणजे तिकडची कलावंतीण, माहलका बाई चंदा (1768–1824) त्याच्या कितीतरी आधी उर्दूत दिवाण, म्हणजे कवितासंग्रह, लिहून गेली, जहागिरी सांभाळून गेली. 1857 नंतरच्या लखनौच्या करवह्यांत सर्वांत वरच्या श्रेणीत तवायफांची नावं आहेत. 1902 साली ग्रामोफोनसमोर गायली ती गौहरजान, तीही तवायफच. गायिका केसरबाई केरकर गोव्याच्या कलावंत समाजातल्या, त्यांचा आवाज 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेला. स्वतःच्या विद्येवर कमावणाऱ्या या बायकांना आपण आपल्या पूर्वज मानायला का कचरतो?

दप्तरी
ताई, लखनौ-हैदराबादचा दाखला पुण्याला लावू नका. इथल्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, त्यात बटकी-कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बाईवर बदकर्माचा आरोप आला की तिला सरकारजमा करायचे. मग कोठारात राबवा, पागेत राबवा, नाहीतर नाच-गाणं शिकवून नाटकशाळेत, म्हणजे सरकारी नाचणाऱ्यांत, ठेवा. तिला कुणी विचारलं नाही.

आणि लावणीचं म्हणाल तर राम जोशी, होनाजी, सगनभाऊ, सगळे पुरुष. बाईच्या तोंडी घातलेली ती ओढ, ती आर्जवं त्यांनी लिहिलेली. आपण त्यालाच तिचं मन समजून टाळ्या वाजवतो. ज्या जातींवर हा धंदा लादला गेला, त्यांच्या मुलींना ‘स्वतंत्र’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

साधा_वाचक
कलेकडे कला म्हणून बघा की. कोण कुठली, हे उकरून काय मिळतं?

मुठाकाठ
@साधा_वाचक, उकरलं नाही की काय होतं ते सांगते. 1946 च्या सुमारास आकाशवाणीने ‘लोकापवाद’ असलेल्या गायिकांना दार बंद केलं. त्यांना ठेवणाऱ्या संस्थानिकांना, शेटजींना कुठलं दार बंद झालं? पुण्याच्या हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या, बायकांसाठी केवढी वाट मोकळी झाली. पण त्यासाठी त्यांना अदा, हावभाव सगळं बाजूला ठेवून गावं लागलं. कलावंतिणींच्या कोठीशी नातं तोडल्याशिवाय बाईच्या गाण्याला घरंदाज श्रोता मिळत नव्हता.

दप्तरीकाका, तुमच्या नोंदी मला मान्य आहेत. पण नुसतं ‘पीडित’ म्हटलं की तिने मेहनतीने कमावलेली तान, ताल, पाठांतर सगळं हिशेबातून जातं. तो दुसरा अन्याय.

दप्तरी
जेजुरीला खंडोबाला मुरळी म्हणून, म्हणजे देवाशी लग्न लावून, सोडलेल्या पोरीचं पाठांतर मोजायचं का? विठ्ठल रामजी शिंदे त्या प्रथेविरुद्ध उभे राहिले ते उगाच नाही. 1934 साली मुंबई इलाख्यात देवदासींसाठी कायदा झाला. तो पुरला नाही म्हणून महाराष्ट्राला 2005 साली पुन्हा करावा लागला. इतकं खोल मुरलेलं आहे हे.

जुन्नरची_लेक
तुम्ही दोघंही पुण्यात बसून बोलताय. मी नारायणगावच्या बाजूची. आमच्याकडे तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर अजून नावाने आठवतात. पोट पुढे असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि परत तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या. राष्ट्रपती पदक मिळालं, आणि 2002 साली गेल्या त्या हलाखीत. आता यांना स्वतंत्र म्हणणार की पीडित? तमाशाचा फड त्यांच्या नावावर होता, माणसं त्यांच्यावर जगत होती. आणि त्या रात्री विश्रांती घ्यायची सोय नव्हती, कारण खाली पब्लिक बसलं होतं आणि सुपारी घेतलेली होती. मला दोन्ही एकाच बाईत दिसतं. एक घेऊन दुसरं टाकता येत नाही.

पाडव्याच्या सुमारास आमच्याकडे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी ठरवायला येतात. या एकदा. बायकांनाच विचारा.

मुठाकाठ
येते. हिशेबाची वही कोण लिहितं, बिदागी कुणाच्या हातात पडते, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

दप्तरी
मीही येतो. पण मी पोरींच्या शाळेचं विचारणार. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो वैशाखापर्यंत फिरतीवर. तेवढे महिने त्या कुठल्या वर्गात बसतात?