डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयू म्हणतं रिकामी. ९६ जीबी गेले कुठे?

नमस्कार मंडळी,
दोन दिवस डोकं खाजवून झालं, आता जाणकारांना साकडं घालतेय.

एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकून सांबाचा, म्हणजे नेटवर्कवरून विंडोजला फायली देणारा, सर्व्हर केलाय. सिस्टिम १२८ जीबीच्या एसएसडीवर आहे. फायलींसाठी वेगळी ४ टीबीची हार्ड डिस्क आहे, ती 'एसआरव्ही'खालच्या 'शेअर' या डिरेक्टरीवर माउंट होते, म्हणजे त्या डिरेक्टरीतून उघडते. आम्ही चौघं विंडोजमधून हाच शेअर वापरतो. माझ्या मशीनचा पूर्ण बॅकअपही रोज रात्री तिथेच जातो. वर्षभर काही कुरकुर नव्हती.

परवापासून एसएसडी भरल्याची बोंब सुरू झाली. डीएफ ही डिस्कवरची भरलेली-रिकामी जागा सांगणारी कमांड. तिच्या हिशेबाने ११७ पैकी १०८ जीबी वापरात आहेत आणि शिल्लक फक्त ३ (हे गणितही मला जमत नाहीये). पण डीयूला (ही फायली मोजून बेरीज सांगते) 'एक्स'चा पर्याय देऊन फक्त रूट फाइलसिस्टिम, म्हणजे एसएसडीवरची, मोजायला लावली, तर बेरीज येते १२ जीबी! जर्नल (सिस्टिमचा लॉग) छाटला, अ‍ॅप्टचा (पॅकेज इन्स्टॉलर) कॅश उडवला, आयनोड (फायलींच्या नोंदी) बघितले तर ६ टक्केच वापरलेत.

जाता जाता अजून एक, वेगळाच प्रॉब्लेम आहे पण सांगून ठेवते. मागच्या आठवड्यात सगळे सुट्टीवर असताना वीज गेली आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला. परत आल्यावर शेअर उघडला तर जुनं काहीच नाही, पोटात गोळाच आला. बघितलं तर डिस्क माउंटच झाली नव्हती, लिनक्सने तिला दिलेलं नाव एसडीबी१ चं एसडीसी१ झालं होतं. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची ती यादी) नाव बदललं, माउंट केलं, सगळं जागच्या जागी! फक्त त्या तीन रात्रींचे बॅकअप गायब आहेत. बॅकअपचा लॉग मात्र तिन्ही दिवस 'यशस्वी' म्हणतोय. तो खोटं का बोलतोय तेही कोणी सांगितलं तर बरं.

काजवा:
एखादी मोठी फाइल डिलीट केली पण कुठल्या तरी प्रोसेसने ती उघडी धरून ठेवली, की डीएफ आणि डीयू असेच भांडतात. एलएसओएफ या कमांडने डिलीट झालेल्या उघड्या फायली शोधा.

त्या ३ जीबीचं म्हणाल तर ईएक्सटी४ फाइलसिस्टिममध्ये ५ टक्के जागा रूट (अ‍ॅडमिन) युजरसाठी राखीव असते. तुमच्याकडे ती साधारण ६ जीबी होते. ११७ मधून १०८ आणि ६ वजा करा.

धागाकर्ती:
राखीव जागेचं कळलं, आभार. एलएसओएफमध्ये तसं काहीच नाही. शिवाय काल सर्व्हर रीबूट केलाय, धरून ठेवलेलं असतं तर तेव्हाच सुटलं असतं ना?

जुनाकीबोर्ड:
ताई, 'वेगळाच प्रॉब्लेम' म्हणून जो सांगितलात, तोच हा प्रॉब्लेम आहे. लॉग खोटं बोलत नाहीये.

डिस्क माउंट नव्हती त्या तीन रात्री 'शेअर' ही एसएसडीवरची साधी रिकामी डिरेक्टरी होती. सांबाला त्याचं सोयरसुतक नसतं. पाथ सापडला, लिहायची परवानगी मिळाली, त्याने लिहिलं. बॅकअप एसएसडीवर गेले. मग तुम्ही त्यावर ४ टीबीची डिस्क माउंट केलीत. भरलेल्या खड्ड्यावर सतरंजी अंथरली म्हणा ना! फायली खालीच आहेत, पण डीयूला सतरंजी ओलांडून खाली जाता येत नाही.

'एमएनटी'खाली 'मूळ' नावाची रिकामी डिरेक्टरी करा आणि रूट फाइलसिस्टिमचा तिथे बाइंड माउंट करा, म्हणजे तीच दुसऱ्या जागीही दिसेल. साधा बाइंड, आर-बाइंड (आतल्या माउंटसकट) नको, नाहीतर वरची डिस्कही सोबत येईल. मग त्या 'मूळ'च्या आतली 'शेअर' उघडून बघा. आणि घाईने काही उडवू नका.

धागाकर्ती:
सापडले!!! तीन फोल्डर, तीन तारखा, प्रत्येकी ३२ जीबी. आरसिंक या कॉपीच्या कमांडने मोठ्या डिस्कवर हलवले, दोनदा पाथ वाचून खालचे उडवले, बाइंड काढला. डीएफ आता १२ वर. मी तर नवीन एसएसडी घ्यायला निघाले होते.

पण डिस्क माउंट झाली नाही तर सर्व्हरने बोंब का नाही मारली?

जुनाकीबोर्ड:
एफएसटॅबच्या त्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी बूट चालू ठेव) आहे का?

धागाकर्ती:
आहे. एकदा डिस्कची केबल निघाली होती तेव्हा बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकलं होतं, म्हणून घातलं.

जुनाकीबोर्ड:
मग सर्व्हर गप्प बसला यात त्याची चूक नाही. 'नोफेल' राहू दे. एसडीबी, एसडीसी ही नावं मात्र काढा. डिस्क ज्या क्रमाने सापडतात तशी ती बदलतात. बीएलकेआयडी या कमांडने यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) काढून तो लिहा.

दुसरं, शेअर थेट माउंट पॉइंटवर ठेवू नका. मोठ्या डिस्कच्या आत 'डेटा' नावाचं फोल्डर करा, सगळं त्यात हलवा (डिस्क तीच, त्यामुळे क्षणात होतं) आणि सांबाच्या कॉन्फिगमध्ये पाथ तिथे वळवा. डिस्क नसेल तर 'डेटा'च नसेल, शेअर उघडणारच नाही आणि बॅकअप ओरडून फेल होईल. फुकटचा फायदा म्हणजे 'लॉस्ट अँड फाउंड' हे (दुरुस्तीत सापडलेल्या फायलींचं) फोल्डर कोणाला दिसत नाही. आमच्याकडे एकाने ते 'कचरा' समजून उडवलं होतं.

काजवा:
+१. रिकाम्या माउंट पॉइंटला सीएचअ‍ॅटर या कमांडने 'आय' (बदल-बंदी) लावला तर रूटलाही तिथे काही लिहिता येत नाही. मी तेच करतो.

धागाकर्ती:
यूयूआयडी झाला. 'डेटा'च्या आधी म्हटलं 'आय' लावून टाकू, तर आता शेअरमध्ये नवीन फोल्डरच होत नाहीये. आधीच्या फोल्डरांच्या आत मात्र सगळं चालतंय. काय मोडलं मी?

काजवा:
माझीच चूक, नीट सांगायला हवं होतं. डिस्क माउंट असताना लावलात, त्यामुळे तो मोठ्या डिस्कच्या सगळ्यात वरच्या डिरेक्टरीला लागला. आत्ताचा काढा, सांबा थांबवा, डिस्क अनमाउंट करा, मग लावा, मग परत माउंट.

धागाकर्ती:
झालं. 'डेटा'ही झाला. अनमाउंट करून मुद्दाम बॅकअप चालवला आणि तो फेल गेला. फेल गेल्याचा इतका आनंद आयुष्यात पहिल्यांदा झाला.

जुनाकीबोर्ड:
छान. पण एसडीबीची एसडीसी झाली म्हणजे मध्ये दुसरं काहीतरी एसडीबी होऊन बसलं होतं. सर्व्हरला पेनड्राइव्ह लावलेला आहे का?

धागाकर्ती:
...मागच्या पोर्टला. अजूनही.